आत हाय का?

आक्का, तुझा शेवटचा फोन आला तेव्हा मी दुकानाच्या मागच्या जिन्यात उभा होतो. तू विचारलंस, "तान्या, आत हाय का?" मी म्हणालो, "हाय." तू जरा वेळ काही बोलली नाहीस. मग "बरं, ठेवते" म्हणालीस आणि फोन ठेवलास.

आत नव्हतं, आक्का.

आपण भावंडं; लहानपणापासून मी तुझ्याशी शंभर गोष्टींत खोटं बोललो असेन. पण या एका प्रश्नाला सात वर्षांत कधी खोटं उत्तर दिलं नव्हतं. या उन्हाळ्यापासून द्यायला लागलो. आणि त्या फोननंतर चौथ्या दिवशी दाजींचा फोन आला, की सकाळी भाकरी थापताना चक्कर आली म्हणून तू भिंतीला टेकून बसलीस, ती उठलीच नाहीस. म्हणजे तुझ्यामाझ्यातलं शेवटचं बोलणं खोटंच राहिलं. ते तसं राहू नये म्हणून लिहायला बसलोय. नववीत शाळा सोडलेल्या माणसाचं लिहिणं आहे, चार ठिकाणी चुकेल. तू सातवी. तू काय माझ्या चुका काढणार म्हणा.

"आत हाय का" हे आपलं दोघांचं. फोनवरचं ऐकून दाजींना कायम वाटायचं, मी खोलीवर आहे का बाहेर, ते तू विचारतेस. "त्यो कामावर आसंल या टायमाला, आत कसला," असं ते चहा पितापिता म्हणायचे. तू म्हणायचीस, "इचारायला काय जातंय तुमचं." कुणाला कधी कळलं नाही, की तू माझ्या पोटाचं विचारतेस. जेवलेलं आत राहिलं, का मी जाऊन ओकून टाकलं, ते.

हे सुरू झालं सांगलीच्या तालमीत. तिथं वजन काढणं हा गुण होता. ज्या गटात लढायचं त्या गटात बसायला वजन उतरवायचं, आणि काट्यावर आकडा बरोबर आला की सगळे पाठीवर थाप मारायचे. माझं वजन सगळ्यांच्या आधी निघायचं. वस्ताद बाकीच्यांना म्हणायचे, "ह्या धनगराच्या पोराकडनं शिका जरा." कसं निघतं ते कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. आप्पा होते तोवर जत्रेत माझ्या दंडावर हात ठेवून पाहुण्यांना दाखवायचे. त्यांना वाटायचं, पोरगं तालमीचा खुराक खाऊन असं कातीव झालंय. पुढं गुडघा गेला, कुस्ती सुटली. काटा सुटला नाही.

मग मी कुपवाडला तुमच्या दोन खोल्यांत आलो आणि लेथवर कामाला लागलो. कामाच्या वाटेवर रशीदभाईंचं भंगाराचं दुकान. तिथला लोखंड तोलायचा मोठा काटा तुला आठवत असेल. रोज सकाळी मी त्यावर चढायचो. जो आकडा दिसेल, त्यावर माझा दिवस ठरायचा. रशीदभाई खुर्चीतनं न उठता म्हणायचे, "काय पैलवान, आज पन स्वतःला इकायला आलास का? भाव पडलाय, उद्या ये." मीही हसायचो. तो आकडा माझं काय करतो ते त्यांना काय ठाऊक.

तुला मात्र एका रविवारी कळलं. मटण केलं होतंस. मी भरपूर जेवलो आणि मोरीत गेलो. बाहेर आलो, तर तू दारात तांब्या घेऊन उभी. मला वाटलं आता ओरडशील, दाजींना हाक मारशील. तू तांब्या पुढं केलास.

"चूळ भर."

मी चूळ भरली.

"कवापास्नं हाय हे?"

"पित्त झालंय गं."

"पित्त रोज हुतंय व्हय? आठ दिस झालं ऐकतीया मी."

पहिला महिना तूही चुकलीस, आक्का. आता तू नाहीस म्हणून सगळं गोड गोड लिहायचं, हे मला जमणार नाही, आणि तुलाही आवडणार नाही. मीठमिरच्या उतरवून टाकल्यास. मोरीला कुलूप लावलंस, मग दाजींनाच अंघोळीला जागा मिळेना. नंतर समोर बसून माझ्या एकेका घासाकडं बघायला लागलीस, मांजर दुधाकडं बघतं तसं. घास हातात यायचा आणि हात थांबायचा. एक दिवस मी ताट सरकवून बोललो, "तू बघत असलीस की मला खाता येत न्हाई. बघू नको माझ्याकडं." तू पदर तोंडाला लावून उठून गेलीस. त्या बोलण्याची मी कधी माफी मागितली नाही. मागेन मागेन म्हणता राहून गेलं.

अंगणवाडीत तू मदतनीस होतीस. तिथल्या बाईंकडनं तू मिरजेच्या डॉक्टर मॅडमचा पत्ता आणलास. मी म्हणालो, वेड्यांच्या डॉक्टरकडं मी येणार नाही. त्यावर तू म्हणालीस, "तुला कोण न्हेतंय? मी माझं दाखवायला जातीया. बाईमाणूस एकटं कसं जाऊ, तू नुसता संगट चल." मी सोबत म्हणून गेलो. आत तू खुर्चीवर बसलीस आणि म्हणालीस, "मॅडम, ह्याच्या पोटात ऱ्हात न्हाई आन् मला झोप येत न्हाई. दोगांचं बगा."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी माझं रक्त तपासलं, छातीची पट्टी काढली. मग म्हणाल्या, की हा आजार आहे. नखरा नाही, पाप नाही, वेड नाही. याला नाव आहे, औषधपाणी आहे, आणि पोरांनाही होतो, फक्त पोरं सांगत नाहीत. त्यांनी मला विचारलं, आकडा कमी आला की कसं वाटतं? मी म्हणालो, एवढं एक तरी माझ्या हातात आहे असं वाटतं. हे मी तोवर कुणालाच बोललो नव्हतो, स्वतःलासुद्धा नाही. शाळा हातची गेली होती, कुस्ती गेली होती. तू खाली मान घालून नखानं टेबलाची कड खरवडत होतीस.

त्यांनी खायच्या वेळा बांधून दिल्या. भूक असो नसो, वेळ झाली की खायचं. खाल्ल्यावर अर्धा तास माणसात बसायचं. काटा बंद. दर पंधरा दिवसांनी येऊन बोलायचं. आणि तुला सांगितलं, ताटाकडं बघायचं नाही, आणि त्याच्या अंगावर एक अक्षर बोलायचं नाही. वाळला नाही, भरला नाही, काही नाही.

दुसऱ्याच दिवशी तू रशीदभाईंकडं गेलीस. मी सकाळी पोचलो, तर काट्यावर भंगारातली अख्खी शिलाई मशीन ठेवलेली. रशीदभाई म्हणाले, "जागा न्हाई. तुझी आक्का येऊन गेली. तुला काट्यावर घेतलं तर मला घेनार म्हनली." कारण त्यांनी विचारलं नाही. पुढं कितीतरी महिने ती मशीन त्यांनी विकली नाही. त्यांना काय कळलं होतं, काय नाही, देव जाणे. मी त्यांचे आभारही कधी मानले नाहीत.

एवढं पथ्य पाळूनही एकदा तुझ्या तोंडून गेलंच. मी चारपाच महिने नीट जेवत होतो. दिवाळीला नवा शर्ट घातला आणि तू आनंदानं म्हणालीस, "आता कसं अंग धरलंय बघ माझ्या भावानं." आपल्याकडं यापेक्षा मायेचं बोलणं दुसरं नाही. कुणी चार महिन्यांनी भेटलं की हेच म्हणतात, आणि ऐकणारा खूश होतो. माझ्या कानात ते वस्तादाच्या आवाजात पडलं. "वजन वाढलं." दोन दिवस मी काही खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी तू मला घेऊन पुन्हा मिरजेला, आणि बसमध्ये सगळी वाट म्हणत होतीस, "माझ्या जिभंला काय झालं हुतं." मॅडमनी तुलाच समजावलं. असं होतं, म्हणाल्या. वाट सरळ नसते. पडलं तर पहिल्यापासून सुरू करायचं नाही, पडलं तिथनं उठायचं.

त्याच दिवशी बसनं परत येताना तू तो प्रश्न काढलास. म्हणालीस, "हे बघ तान्या, 'जेवलास का' म्हंजे आपल्यात रामराम हाय. त्येला कुणी खरं उत्तर देत न्हाई. उपाशी माणूस पन 'व्हय' म्हंतो. म्हणून मी दुसरं इचारनार. आत हाय का? आसंल तर हाय म्हण, नसंल तर न्हाई म्हण. न्हाई म्हनलास तर मी वरडनार न्हाई, रडनार न्हाई, दुसऱ्या येळचं बघू म्हननार. पन खोटं बोललास तर मला कळायला जागा न्हाई. मंग मी काय आंधळ्यावानी चाचपडू?"

तुझे शब्द मी अजून तसेच्या तसे सांगू शकतो, कारण तेव्हापासून रोज मी ते स्वतःला सांगत आलोय. कितीदा "न्हाई" म्हणालो. तू कधीच ओरडली नाहीस. हळूहळू "न्हाई" कमी होत गेलं. एक वर्ष असं गेलं, की एकदाही म्हणावं लागलं नाही. त्या वर्षी तू मॅडमना भडंगाचा पुडा नेऊन दिलास.

आपलं भांडण राहिलं ते आईवरनं. तू म्हणायचीस, आईला सांग. मी म्हणायचो, तिला सोसणार नाही, तूही सांगायचं नाहीस.

"आई काय मरत न्हाई. दुष्काळात मेंढरं जगवलीत तिनं, तुझं ऐकून मरंल व्हय?"

"आन् सांगून काय करू? ती माझ्याकडं बघत पन न्हाई, आक्का. गावाला गेलो की सगळी बायामाणसं पोराला बघून वाळला म्हंत्यात, भरला म्हंत्यात. आमची आई ताट वाढती आन् भिताडाकडं तोंड करून बसती. मी हाय काय आन् न्हाई काय, तिला सारखंच."

यावर तू दर वेळी उठून भाकरी उलटायला जायचीस. मला वाटायचं, तुझ्याकडं उत्तर नाही.

दोन वर्षांपूर्वी मी इकडं गलाईच्या दुकानात यायचं ठरवलं, तेव्हा तू आठ दिवस बोलली नाहीस. आपल्या भागातली निम्मी पोरं सोनं-चांदी गाळायच्या कामाला मुलूखभर पांगलीत, त्यात नवीन काही नव्हतं. तुझं म्हणणं वेगळंच होतं. "काटा सोडला म्हनलास आन् काट्याच्याच धंद्यात निघालास." मी हसलो. पण तू बरोबर होतीस. इथं सोनं तोलायचा काटा काचेच्या पेटीत असतो. श्वास लागला तरी आकडा हलतो. दिवसभर तेच बघायचं. इकडची भाषा येत नाही, भट्टीपुढं भूक मरते, जेवताना अर्धा तास सोबत बसायला कुणी नाही. उन्हाळ्यात एका दुपारी गल्लीच्या टोकाला एका दुकानाबाहेर माणसं तोलायचं यंत्र दिसलं. चढलो. त्यानंतरचं तुला सांगायला हवं होतं. तुझ्या मणक्याचं दुखणं चाललं होतं, तुझ्या पिंकीची शाळा चालली होती, आपण आणखी कशाला घोर लावायचा, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मला लाज वाटली. सात वर्षं एवढं करून घेतलं आणि हा परत तिथंच, असं तुला वाटेल म्हणून.

तुला कळलं होतं का, आक्का? त्या फोनवर तू गप्प झालीस ते कशामुळं? दुसरं कुणी बोलवत होतं, का माझ्या "हाय"मधलं खोटं ऐकू आलं? हे आता मला कधीच कळणार नाही. झोपताना, उठताना तेच डोक्यात येतं.

दीड दिवसाची गाडी. मातीला पोचलो नाही. दुसऱ्या दिवशी सांजेला आलो तर तुझी चूल बंद, आणि शेजाऱ्यांनी आणलेलं पिठलं-भाकरी सगळ्यांपुढं वाढलेलं. कडू घास. सगळे म्हणत होते, "खा रं, दोन घास खा." मी खाल्लं, आणि मागं मोरीत गेलो. बाहेर आलो. दारात कुणी नव्हतं. तांब्या नेहमीच्या जागी पालथा होता.

अंगणात बायका हळू आवाजात म्हणत होत्या, "दुक्कानं पोटात ठरंना बिचाऱ्याच्या." दुःख होतंच. पण हे दुःख नव्हतं. हे जुनंच होतं, दुःखाचं घोंगडं पांघरून आलेलं. त्या अख्ख्या घरात हे ओळखणारा मी एकटा उरलो होतो.

तिसऱ्या दिवशी नदीवर रक्षाविसर्जन झालं आणि तुझा नैवेद्य ठेवला. भरली वांगी, भाकरी, भडंग, कपभर चहा. कावळा येऊन बाभळीवर बसला, खाली काही येईना. दाजी हात जोडून म्हणाले, "सुमे, पोरीला शिकवतो, काळजी करू नगंस." येईना. कुणी म्हणालं, माहेरचं काय राहिलंय का बघा. तीसचाळीस माणसं त्या पानाकडं डोळे लावून उभी. आणि मला एकदम तुमच्या खोलीतलं ते ताट दिसलं, आणि समोर बसलेली तू. मी बोलून गेलो, "आवं, सगळी मागं सरा. त्येच्याकडं बघू नका. असं बघत ऱ्हायल्यावर कोण खाईल?"

एक म्हातारे पाहुणे म्हणाले, "आसं कुटं आसतंय व्हय?" पण आई काही न बोलता वळली आणि नदीकडं तोंड करून उभी राहिली. मग दाजी वळले. मग सगळे. आम्ही सगळे पाठमोरे, आणि मागं पंखांचा आवाज. पिंकीनं तेवढं चोरून बघितलं. म्हणाली, "मामा, त्यानं पयलं भडंगच खाल्लं." आक्का, मला हसू आलं. नदीवर, तुझ्या रक्षेपुढं. कावळ्याचं मला काही कळत नाही. पण तू असतीस तर तूही हसली असतीस.

घरी येताना आई म्हणाली, "सुमीगत बोललास बघ."

"काय बोललो?"

"तीच म्हनायची की. 'आये, तान्या जेवताना त्येच्या ताटाकडं बघू नगंस. वाळला म्हनू नगंस, भरला म्हनू नगंस. लय लवकर दिष्ट लागती त्येला.' माझं त्वांड कितीदा शिवशिवायचं. पोरगं दिवाळीला येतंय, डोळं भरून बघू तर ही डोळं वटारायची. मंग मी आपली भिताडाकडं बघून बसायची."

मी रस्त्यातच थांबलो. आईला आजार सांगायचा नाही म्हणून तू मला शब्द दिला होतास. तो तू मोडला नाहीस. तिला समजेल अशा भाषेत, दृष्टीच्या नावाखाली, तू मॅडमचं सगळं पथ्य तिच्याकडनं पाळून घेतलंस. आणि मी इतकी वर्षं समजत होतो, की आईला मी दिसतच नाही. एवढं मला का नाही सांगितलंस, यावर मात्र मी तुझ्याशी भांडणार होतो. भाकरी उलटायला उठून गेलीस दर वेळी.

दुपारी आईनं विचारलं, "रातीचं जेवलास न्हवं?"

व्हय म्हणायला तोंड उघडलं होतं. मग म्हणालो, "जेवलो. पन आत न्हाई ऱ्हायलं, आये."

"म्हंजे?"

मी सांगितलं. तालमीपासनं सगळं. सांगताना मी दोन्ही हात मांडीखाली घेतले होते.  संपल्यावर आई म्हणाली, "आन् सुमीला ठावं हुतं."

"व्हय."

"आन् मला दिष्ट सांगितली." तिचे ओठ हलत राहिले. "लबाड. लय लबाड पोरगी." आणि ती रडली. तू गेल्यापासून ती रडली नव्हती, असं दाजी म्हणाले.

मग डोळे पुसून तिनं विचारलं, "आता मी काय करू?"

"आक्का करायची तसं. शेजारी बस. बघू नको."

तिनं दोन ताटं वाढली. तीन दिवस तिच्याही पोटात काही नव्हतं. दोघं दाराकडं तोंड करून जेवलो. संपल्यावर म्हणाली, "किती येळ बसायचं?" मी म्हणालो, अर्धा तास. "मंग मेंढीचं सांगते तुला," म्हणाली, आणि एका आंधळ्या मेंढीची गोष्ट सांगत बसली. ती अर्ध्या तासापेक्षा पुष्कळ लांबली.

दहावं झाल्यावर ती माझ्याबरोबर मिरजेला आली. मॅडमनी मला ओळखलं आणि विचारलं, "आक्का बाहेर बसल्यात का?"  आई पुढं झाली आणि तुझ्या खुर्चीवर बसली. "मी आलीया," म्हणाली. "माझी लेक जे करत हुती ते मला शिकवा."

आता मी परत इथं आहे. आठवड्यातनं एकदा मॅडम फोनवर बोलतात. मालकाला सांगून मी काट्यावरनं भट्टीवर बदलून घेतलंय. कारण विचारलं तेव्हा म्हणालो, डॉक्टरनी सांगितलंय. एवढंही तोंडातनं निघायला दोन दिवस लागले. भीती जात नाही, आक्का. तुझ्याशिवाय हे जमेल का, याची रोज सकाळी भीती वाटते.

तुझ्या वेळेला आता आईचा फोन येतो. तिला हळू बोलता येत नाही. माळावरनं ओरडते, "तान्या, आत हाय का रं?" अख्खं शिवार ऐकतं आणि कुणालाच काही कळत नाही. काल मी म्हणालो, "न्हाई."  ती म्हणाली, "बरं. सांजचं बघू." तुझ्यासारखंच, अगदी.

ते कालचं झालं. आज दुपारचं जेवण होऊन तास झाला, आणि हे लिहिता लिहिता मी जागचा उठलेलो नाही.

आत हाय, आक्का.